लाल रंग कुठवर चढला

मार्तंड मास्तरांना कापाकापीचा तिटकारा होता. नांदेडच्या सरकारी शाळेत सायन्स शिकवणाऱ्या माणसाला हा तिटकारा परवडणारा नव्हे, पण होता खरा. पुस्तकात लिहिलेलं असे, की तेरड्याची फांदी कापून लाल पाण्यात ठेवावी, म्हणजे देठातून पाणी कसं चढतं ते मुलांना दिसेल. मास्तर म्हणत, कापलेली फांदी म्हणजे मढं. मढं पाणी कसं पितं ते बघून जित्या झाडाचं काय कळणार? म्हणून ते तेरड्याचं अख्खं रोप कुंडीसकट खिडकीत मांडत, मुळाशी लाल रंगाचं पाणी घालत आणि पलीकडून आरशाने देठावर उन्हाचा कवडसा पाडत. तेरड्याचा देठ मुळातच आरपार दिसणारा. उजेड पडला की आतले लाल दोरे हळूहळू वर सरकताना दिसत. मुलं पाच मिनिटं बघत आणि मग बाहेरच्या टांग्यांकडे बघू लागत. मास्तर मात्र घंटा झाली तरी तिथेच. शाळेतले मौलवीसाहेब त्यांना कौतुकाने 'पानीवाले मास्टर' म्हणत.

पुढे त्यांनी एक जुना कॅमेरा मिळवला, त्याच्यापुढे काळ्या पुठ्ठ्याचा डबा जोडला आणि जित्या देठाच्या आतल्या पाण्याचे फोटो काढायला सुरुवात केली. दुसऱ्या महायुद्धाचे दिवस होते. काचेच्या प्लेटा हैदराबादेत मिळाल्या तर मिळाल्या. एकेक प्लेट मास्तर तळहाताच्या फोडासारखी जपत. त्या प्लेटांना लाल रंगाची जाण नसते, त्यामुळे छापलेल्या फोटोत लाल दोरा काळाभोर उमटे. घटकाभराने दुसरी प्लेट काढली, की पाणी किती बोटं चढलं ते मोजता येई. हा सगळा खटाटोप कशासाठी, असं बायकोने, विमलबाईंनी, एकदा विचारलं होतं. मास्तरांना धड उत्तर देता आलं नव्हतं. पण हैदराबादच्या कॉलेजातल्या त्यांच्या जुन्या प्रोफेसरांना चार फोटो पाठवल्यावर दोन पानी पत्र आलं, आणि त्या दिवसापासून मास्तरांची मान जरा ताठ झाली.

अर्धापूरच्या हणमंतरावांचा पानमळा मरायला लागला तो याच सुमारास. चौदा ओळींचा मळा, तीन पिढ्यांचा. पहिल्या ओळीतल्या वेली एकाएकी माना टाकू लागल्या. सकाळी हिरवीगार दिसलेली वेल संध्याकाळी मलूल, आणि चार दिवसांत वाळून कोळ. शेतीखात्याचा एक माणूस येऊन गेला. त्याने खिशातून चाकू काढला, तसा हणमंतरावांनी त्याला हात धरून मळ्याबाहेर आणून सोडला. पानमळा म्हणजे देवघर. तिथे पायात काही घालून जायचं नाही, दारातल्या दगडी डोणीत चुन्याच्या निवळीने पाय धुतल्याशिवाय आत पाऊल टाकायचं नाही, बाईने बाजूला बसायच्या चार दिवसांत कुंपणाकडे फिरकायचं नाही, आणि वेलीच्या अंगाला सुरी लावायची नाही. पानं खुडतात तीसुद्धा हलक्या हाताने.

कुणीतरी हणमंतरावांच्या कानावर घातलं, की नांदेडात एक मास्तर आहे, तो झाडाला न कापता आतलं बघतो. हणमंतराव स्वतः शाळेत आले. म्हणाले, "वेलीला सुरी लावू देनार न्हाई. बाकी काय बी करा."

मास्तरांना आणखी काय हवं होतं? त्यांनी महिन्याची रुखसत, म्हणजे रजा, काढली, डबा, प्लेटा, रंगाची बाटली सायकलला बांधली आणि अर्धापूर गाठलं.

नागवेलीच्या पेरापेराला बारीक मुळ्या सुटतात आणि त्या आधाराला लावलेल्या शेवरीच्या खोडाला धरून राहतात. मास्तरांनी युक्ती काढली. जमिनीलगतच्या पेराच्या मुळ्या अलगद मोकळ्या करायच्या, त्यांच्याखाली रंगाची इवलीशी कुपी बांधायची, आणि वरच्या कोवळ्या पेराला डबा लावून वाट बघायची. त्यासाठी वाफ्यात, वेलीच्या अगदी बुडाशी, ओल्या मातीत मांडी घालून बसावं लागे. पलीकडे बांधावर उभं राहून कुणीतरी आरसा धरायचा आणि ऊन सरकेल तसा तो फिरवायचा. मळ्यातले गडी त्या काळ्या डब्याला बिचकले. हणमंतरावांचा मुलगा शेषेराव पानांच्या करंड्या घेऊन बाजाराला जायचा. शेवटी आरसा धरला तो त्याच्या बायकोने, सिंधुने. एकोणीस-वीस वर्षांची चाकूरची पोर, बोलायला कमी, पण हात असा स्थिर की कवडसा तसूभर हलत नसे. पहिल्या दिवशी डब्याच्या भोकातून मास्तरांनी तिलाही बघू दिलं. तिने बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, "पानी असं जातंय व्हय," आणि पुन्हा बांधावर जाऊन आरसा धरून उभी राहिली. शाळेतल्या तीस मुलांत जे मास्तरांना कधी मिळालं नव्हतं ते त्यांना त्या पोरीत मिळालं, आणि ते मनापासून खूश झाले.

तिसऱ्या दिवशी त्यांना सापडलं. पहिल्या ओळीतली एक वेल वरून अगदी तजेलदार होती, पण लाल रंग पहिल्या पेराशीच अडला होता. दोन तास झाले, तीन झाले, रंग जागचा हलेना. मास्तर हणमंतरावांना म्हणाले, ही वेल शुक्रवारी मान टाकेल. शुक्रवारी दुपारी वेलीने मान टाकली.

मग काय विचारता. अर्धापुरात मास्तरांना चहा पाजायला माणसं ओढून नेऊ लागली. कुठली वेल आतून आजारी आहे ते तीन दिवस आधी सांगणारा माणूस, आणि तोही वेलीला नखसुद्धा न लावणारा. हैदराबादला फोटो गेले. प्रोफेसरांचं उत्तर आलं: धडधाकट वेलींचेही फोटो हवेत, तुलनेला. सगळं घेऊन पुढच्या महिन्याच्या पहिल्या तारखेला या, इथल्या प्रयोगशाळेत तुमच्यासाठी जागा मागितली आहे. मास्तरांनी ते पत्र कोटाच्या आतल्या खिशात ठेवलं. शाळेत बावीस वर्षं 'पानीवाले' म्हणवून घेतलेल्या माणसाला ते पत्र किती मोठं वाटलं असेल, ते ज्याचं त्याला माहीत.

धडधाकट वेली म्हणजे सहावी, नववी आणि अकरावी ओळ. मास्तर सकाळी दारात पाय धुवून आत येत, आधी पहिल्या ओळीत बसत, कारण पूर्वेचं ऊन तिथे आधी पोचे. आणि ऊन वर आलं की डबा उचलून पुढच्या ओळींत जात. असं रोज चाललं होतं.

एका सकाळी सिंधु कुंपणाच्या दाराशी येऊन उभी राहिली आणि आत येईना. सासू केवळाबाई त्या दिवशी घरी नव्हत्या, आज ती येणार नाही असा निरोप सांगायला कुणी नव्हतं. मास्तर नवव्या ओळीत डबा लावून बसलेले, कुपीतला रंग चढायला लागलेला, ऊन सरकत चाललेलं. त्यांनी हाक मारली. ती खाली बघत उभी. त्यांनी पुन्हा हाक मारली, जरा चढ्या आवाजात, की ऊन गेलं तर आजची प्लेट वाया जाईल. परक्या पुरुषाला आपण का येत नाही ते कोणत्या तोंडाने सांगायचं? तिने डोणीत पाय धुतले, बांधावरून नवव्या ओळीपाशी आली आणि अर्धा तास आरसा धरला. त्या दिवसाची प्लेट सगळ्यांत सुरेख आली. मास्तरांनी नेहमीसारखी तिच्या कडेला चिठ्ठी चिकटवली: ओळ नववी, वेल चौथी, वेळ, तारीख, आरसा सिंधु.

दहा-बारा दिवसांनी नवव्या ओळीतली चौथी वेल मलूल झाली. मग पाचवी. मग सहाव्या ओळीतल्या चार, अकराव्यातल्या तीन. मळ्याच्या पोटातच मरणं सुरू झालं. केवळाबाईंनी घरातल्या आणि मळ्यातल्या सगळ्यांना बोलावून मधोमध शपथेचा बेलभंडारा ठेवला. ज्याने मळा बाटवला नसेल त्याने उचलावा. गड्यांनी उचलला, शेषेरावाने उचलला, मास्तरांनीही उचलला. सिंधुने हात पुढे केला आणि मागे घेतला. मग तिने सगळं सांगितलं.

मास्तर मध्ये पडले. बाईच्या विटाळाने वेल मरत नसते, हे त्यांनी चांगलं पाव तास समजावून सांगितलं. केवळाबाईंनी ऐकून घेतलं.

"मंग कशानं मेली?" त्या म्हणाल्या. "तेवडं सांगा."

 मास्तर म्हणाले, मी शोधून काढतो आणि सांगायला येतो. हा शब्द त्यांनी सगळ्यांसमोर दिला. सिंधु तेव्हा भिंतीला टेकून उभी होती आणि तिने एकदा त्यांच्याकडे बघितलं. दुसऱ्या दिवशी तिचा भाऊ भुजंग येऊन तिला चाकूरला घेऊन गेला. परत बोलावणं धाडू तेव्हा धाडू, असं केवळाबाईंनी सांगितलं, आणि याचा अर्थ काय ते कुणाला उकलून सांगायची गरज नव्हती.

रुखसत संपली आणि मास्तर नांदेडला परतले. हैदराबादला न्यायच्या प्लेटा आणि फोटो त्यांनी घरात पसरले. विमलबाईंचं अक्षर मोत्यासारखं. त्या फोटोंवर नव्या चिठ्ठ्या लिहू लागल्या. मेलेल्या वेलींपुढे मास्तर फुली सांगत आणि त्या काढत. अशा सात-आठ फुल्या झाल्यावर त्यांनी लेखणी खाली ठेवली.

"अहो, सहाव्या ओळीत वेली किती?"

"तीस."

"आणि मेल्या त्या चारच? आपल्याकडे फोटो आहेत त्याच?" त्यांनी ते चार फोटो वेगळे काढले. "तुम्ही जिथे बसलात तिथलीच वेल मरते का हो?"

मास्तर चिडले. म्हणाले, तुला यातलं काय कळतं. विमलबाई उठून भाकरी टाकायला गेल्या. मास्तरांनी सगळे फोटो तारखेप्रमाणे लावले. धडधाकट ओळींतल्या बारा वेली त्यांनी टिपल्या होत्या. त्यांतल्या नऊ मेल्या होत्या. उभ्या राहिलेल्या तिन्ही अकराव्या ओळीतल्या, आणि तिन्ही एकाच शुक्रवारच्या. त्या शुक्रवारी ते मध्येच घरी जाऊन नांदेडहून दुपारी परत पोचले होते. पहिल्या ओळीवरचं ऊन गेलं होतं, म्हणून दारात पाय धुवून ते थेट अकराव्या ओळीत गेले होते. बाकी प्रत्येक दिवशी ते पहिल्या ओळीतल्या चिखलात मांडी घालून उठले होते आणि तसेच, त्याच पायांनी, त्याच चिखलाळ धोतराने, पुढच्या वेलीच्या बुडाशी जाऊन बसले होते. पाय धुवायचे ते दारात. एका ओळीतून दुसरीत जाताना धुवायचे असतात, हे कुणी सांगितलेलं नव्हतं, कारण पानमळ्यात कुणी असं एका वेलीच्या बुडातून उठून दुसरीच्या बुडात बसतच नाही.

आणि सिंधुने तर वाफ्यात पाऊलही ठेवलं नव्हतं. ती कायम बांधावर.

वेलीला सुईचं टोक लावलं नाही म्हणून जो माणूस मिरवत होता, त्यानेच मरण मातीसकट दारोदार पोचवलं होतं. त्याची तारीखवार नोंद त्याच्याच हातच्या चिठ्ठ्यांत होती. 

उठून सायकल काढायची आणि अर्धापूर गाठायचं, एवढंच करायचं होतं. ते त्यांनी केलं नाही. कोटातलं पत्र त्यांनी पुन्हा वाचलं. मळा मारणारा प्रयोग कुठली प्रयोगशाळा कौतुकाने ठेवून घेईल? मग ते मनाशी म्हणाले, अजून खात्री करायला हवी. मग म्हणाले, शाळेत परीक्षा आहेत. मग म्हणाले, हैदराबादला जाऊन आल्यावर सांगितलं तर काय बिघडेल? असे आठ दिवस गेले. लाज वाटत होती, नाही असं नाही, पण लाजेवर त्यांनी रोज काहीतरी पांघरूण घातलं. विमलबाईंनी त्या फुल्यांचा विषय पुन्हा काढला नाही. आठव्या दिवशी जेवताना फक्त म्हणाल्या, "त्या मुलीला आरसा धरायला तुम्हीच हाक मारली होती ना?"

मास्तरांनी ताट सारलं. दुसऱ्या दिवशी शुक्रवार होता, हैदराबाद संस्थानातल्या शाळांचा सुट्टीचा वार.

अर्धापुरात ते पोचले तेव्हा मळ्यातल्या शेवऱ्या तोडून एका बाजूला रचल्या जात होत्या. सगळा मळा मोडायचा ठरला होता. मास्तरांनी ओसरीवर प्लेटा मांडल्या आणि एकेक दाखवत सगळं सांगितलं, अगदी आठ दिवस गप्प बसलो तेही.  हणमंतराव रागावतील, अंगावर येतील, अशी त्यांनी मनाची तयारी केली होती. 

"मास्तर, तुमी आमच्याच डोनीत रोज पाय धुतले की," हणमंतराव म्हणाले. "मी सोता बगितलंय."

केवळाबाईंचं म्हणणं तर सरळच होतं. मास्तर भला माणूस, शिकलेला, पोरीची दया आली म्हणून स्वतःवर घेतोय. पण पोरीने स्वतःच्या तोंडाने कबूल केलंय. बेलभंडारा काय खोटा? आणि मास्तरांनी तर तो उचलला होता. मास्तर परत परत सांगत राहिले, तसतशी त्यांच्या भलेपणाची खात्री वाढत गेली. निघताना केवळाबाईंनी त्यांच्या पिशवीत गूळ-शेंगदाणे घातले. मास्तरांना वाटलं, यापेक्षा दोन तोंडात दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

शेषेराव त्यांना रस्त्यापर्यंत सोडायला आला.  सायकल हातात देताना म्हणाला, "आईपुढं माजं काय चालत न्हाई. पर तिला तरी सांगा."

पूर्णा, परभणी, परळी अशा गाड्या बदलत मास्तर लातूर रोडला उतरले आणि तिथून भाड्याच्या बैलगाडीने चाकूरला पोचले. रविवारची दुपार होती. भुजंगचं घर गावाच्या कडेला. तो रानात गेला होता. सिंधु अंगणात तूर पाखडत बसली होती. मास्तरांना बघून ती उठली, पाणी आणून दिलं आणि चार हात दूर भिंतीपाशी उभी राहिली. मास्तरांनी जोडे अंगणाबाहेरच काढले होते.

त्यांनी सांगायला सुरुवात केली. सगळं सांगून झालं. मग तिने हात पुढे केला, आणि मास्तरांनी नवव्या ओळीची प्लेट आणि तिचा फोटो तिला दिला. तिने प्लेट उन्हाकडे धरली, हवी तशी तिरपी केली, कडेची चिठ्ठी बघितली. तिला वाचता येत नव्हतं.

"हितं माजं नाव हाय?"

"हो. आरसा सिंधु."

"ह्या रोजी पानी पार वरपत्तूर गेलतं," ती म्हणाली. "मी बगितलं होतं. म्हंजी ती येल माज्या समोर चांगली होती."

"चांगली होती. मी तिच्या बुडाशी बसलो, त्याच्यानंतर मेली." तुझा काडीचा दोष नाही, असं ते म्हणाले.

तिने प्लेट खाली घेतली. तिच्या चेहऱ्यावर हलकं झाल्याची खूण कुठे दिसते का, ते मास्तर बघत होते. त्यासाठीच तर ते एवढ्या लांब आले होते.

"हे तुमाला कवा कळलं, मास्तर?"

खोटं बोलायचा मोह झाला, पण झाला तसा त्यांनी आवरला. "दहा रोज झाले."

ती बोटांवर मोजत राहिली. मग खाली सुपाशेजारी बसली.

"आमी माहूरला गेलतो, त्याला आज पाचवा रोज हाय," ती म्हणाली. "भाऊ म्हनला, देवीपुढं एकदा कबूल कर, म्हंजी पाप फिटंल. मी पदर पसरून सांगितलं, मळा म्या मारला. परत मी कुनाच्या मळ्यात, कुनाच्या संसारात पाय ठिवनार न्हाई, असं बोलून आले. नाक घासलं."

अंगणात कोंबड्या सांडलेली तूर टिपत होत्या. तिने त्या हाकलल्या नाहीत.

"आता तुमी म्हनता म्या न्हाई मारला. मंग देवीपुढं खोटं कोन बोललं, मास्तर?"

 वेलीच्या आतलं अडलेलं पाणी त्यांना तीन दिवस आधी दिसत होतं, आणि आपल्याच हाकेला ओ देऊन बांधावर आलेल्या या पोरीपाशी पोचायला त्यांनी दहा दिवस लावले होते. त्यांचे डोळे भरून आले. मी तुझ्याबरोबर माहूरला येतो, ते म्हणाले, देवीपुढे मी सांगतो, तुझा शब्द मी परत मागून घेतो.

"माज्यासंगं नगं," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, असता तर मास्तरांना बरं वाटलं असतं. "एकटे जावा. आन् पाय धुवायला इसरू नगा."

ती प्लेट तिने परत दिली नाही. फोटो तेवढा दिला. सगळ्यांत सुरेख आलेली, प्रोफेसरांना हव्या होत्या तशा धडधाकट वेलीची प्लेट तिने पदरात गुंडाळली आणि घरात नेऊन ठेवली. मास्तरांनी मागितली नाही. ते अंगणाबाहेर आले, जोडे हातात घेतले आणि तसेच अनवाणी बैलगाडीपर्यंत चालत गेले. पहिली तारीख परवावर आली होती. येताना बोलणं झालं होतं, म्हणून गाडीवानाने विचारलं, हैदराबादची गाडी गाठायची का? मास्तर म्हणाले, "नाही. मला माहूरला जायचंय."